सात नंबरचा वाकलेला पत्रा

गॅरेजची भिंत फुटली ती सात नंबरच्या जागी. तिथे अजून नंबर काढलेला नव्हता, नुसता पांढरा चुना होता. त्या चुन्यातून आधी लाल चिखल बाहेर आला, मग विटा आल्या. शेजारचा सहा नंबर, ज्याचा काळा रंग अजून ओला होता, मधोमध मोडून खाली बसला. पाच त्याच्यावर पडला. माझ्या हातात चहाची किटली होती. "बाई, भाग!" असं रशीदभाऊ पेंटर ओरडला ते मी ऐकलं, पण पळाले नाही. मी त्याच्याकडेच बघत होते, कारण तो स्वतः पळत नव्हता. आठ नंबरला एक ट्रक जॅकवर चढवलेला होता आणि त्याच्या खालून सुखराम मिस्त्रीचे पाय सातच्या रिकाम्या जागेत बाहेर आलेले होते. रशीदभाऊने ते दोन्ही पाय धरले आणि सुखरामला पोत्यासारखा ओढून बाहेर काढला, उभा केला आणि पाठीत हात देऊन माझ्याकडे ढकलला. सुखराम माझ्या अंगावर आला, आम्ही दोघं पडलो, किटली माझ्या पायावर सांडली. धुरळा बसला तेव्हा सुखराम ओरडत होता, मी ओरडत होते. रशीदभाऊचा आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. पेंटरने रंगकामासाठी भिंतीला शिडी लावली, शिडीच्या भाराने जुनी भिंत कोसळली, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पेंटर ठार. त्या चार ओळींत त्याचं नावसुद्धा धड छापलं नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई आहे. लिहायची सवय नाही. पण त्या चार ओळी ज्या पेपरात आल्या त्याच्याच पुरवणीत हे छापा म्हणून मी पाठवते आहे. छापलं तर छापलं.

शिडीचं आधी सांगते. नंबर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर असतात. ड्रायव्हरला गाडी मागे घेताना आरशात दिसावेत म्हणून तेवढ्यावरच काढतात. छातीएवढ्या उंचीवर हात पोचायला शिडी कशाला लागते? चुना मारायला लागते, पण चुना आठ दिवस आधी दुसऱ्या गड्याने मारून झाला होता. रशीदभाऊ माझ्या हॉटेलातल्या लाकडी स्टुलावर बसून काम करत होता. तो स्टूल माझा होता, मीच त्याला दिला होता. भिंतीखालून तोच निघाला, तीन पायांचा होऊन. शिडी निघाली नाही. एवढी साधी गोष्ट कोणी विचारली नाही.

आमचं गॅरेज नागभीडला मोठ्या रस्त्यावर आहे. आमचं म्हणते, पण मालक शेठ. माझं फक्त फाटकाजवळचं चहाचं हॉटेल, चार बाकं आणि वर ताडपत्री. धानाचे ट्रक, बांबूचे ट्रक, कोळशाचे ट्रक, सगळे दुरुस्तीला इथे येतात. मागच्या लांब भिंतीला लागून बारा गाड्यांची जागा आहे आणि प्रत्येक जागेला भिंतीवर नंबर. नंबराखाली खिळा, खिळ्याला गाडीची चावी. नवरा वारल्यावर मी हॉटेल घातलं, तेव्हा भिंत नवी होती आणि रशीदभाऊ पहिल्यांदा नंबर काढायला आला होता. उंच, सुकलेला माणूस, कानावर पेन्सिल आणि शर्टाला इतके रंग की मूळचा कोणता ते कळू नये. तो मला म्हणाला, "गिरजाबाई, गोडेतेलाचे रिकामे पिपे फेकता का?" मी म्हटलं, "फेकत नाई, इकते." तो म्हणाला, "मले द्या. तुमच्या पिप्याचं नाव बारा वर्षं भिंतीवर राहील."

तेलाचा पिपा तो कापून, ठोकून सपाट करायचा. त्यावर खडूने आकडा काढायचा आणि बारीक छिन्नीने आतला भाग कोरून काढायचा. मग पत्रा भिंतीला लावायचा आणि कापडाच्या बोळ्याने काळा रंग टिपायचा. बोळा घासायचा नाही, टिपायचा, असं तो सारखं सांगायचा, जसं काही मीच उद्या पेंटर होणार होते. आधी त्याने दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या कागदावर आकडे कोरून पाहिले होते, पण ते टर्पेंटाईनने गुंडाळले जायचे. पत्रा सरळ राहतो. पत्रा भिंतीला चिकटून बसला की आकड्याची कड सुरीने कापल्यासारखी येते. जरा जरी फट राहिली तरी रंग आत घुसतो आणि आकड्याला मिशा फुटतात. त्या मिशांचा त्याला फार राग. ट्रकच्या मागे आलेल्या चुकीच्या अक्षरांवर तो हसायचा, पण आकड्याला मिशी दिसली की त्या दिवशी माझा चहा त्याला कडू लागायचा.

मला इंग्रजी आकडे त्या भिंतीनेच शिकवले. शाळेत मराठी शिकले होते, पण ड्रायव्हर लोक तेलंगणातले, छत्तीसगढचे, म्हणून शेठने इंग्रजी काढायला सांगितले. रशीदभाऊ एकेक काढत गेला आणि मला विचारत गेला. "हा कोणता?" "पाच." "पाच नाई बाई, हा सहा. पोट खाली आहे त्याचं." पंधरा दिवसांत मी "नऊ नंबरले दोन कट, तीन नंबरले एक बिनसाखरेचा" असं ओरडून सांगायला लागले. तेव्हापासून मी गिऱ्हाईक नावाने कधी ओळखलं नाही, नंबराने ओळखलं. रशीदभाऊला मात्र नंबर नव्हता. तो कुठेही बसायचा.

नंबर दरवर्षी नवे करायचे ते दसऱ्याच्या आधी. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूची माळ घालून भिंतीसमोर लावतात, हत्यारांची, पान्यांची, जॅकची पूजा होते, त्यामुळे त्याआधी भिंत पांढरी आणि नंबर काळेभोर पाहिजेत. म्हणजे पावसाळा संपता संपता, भिंत सगळ्यात ओली असते तेव्हा, रशीदभाऊ आपले सगळे पत्रे घेऊन भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. दुसऱ्या कोणी ती भिंत अशी वर्षातून एकदा हात लावून, डोळा लावून, कडेने कडेने तपासली नसेल. शेठ तर तिच्याकडे पाठ करूनच बसायचा.

भिंतीमागे धानाची बांधी होती, बांध घातलेलं खोलगट शेत. सहा वर्षांपूर्वी शेठने ती घेतली, गाड्या उभ्या करायला जागा पाहिजे म्हणून. बांधी खोल, म्हणून तिच्यात मुरूम टाकायला सुरुवात केली. ट्रकवर ट्रक मुरूम. भिंतीच्या कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग माणूस बुडेल एवढा, आणि वर जड गाड्या उभ्या. भिंत एका विटेची, मातीच्या जुडाईची, म्हणजे विटा सिमेंटऐवजी मातीत बसवलेल्या. ती उन्हापावसाला आडोसा म्हणून बांधली होती, डोंगर धरून ठेवायला नाही. पावसाचं पाणी मुरुमात मुरायचं आणि भिंतीच्या पायातून लाल होऊन झिरपायचं. मी ते झाडून काढायचे. रोज झाडून काढायचे आणि मला त्यात काही दिसलं नाही, हेही लिहून ठेवते.

मुरूम टाकल्यावर दुसऱ्या दसऱ्याला सातचा पत्रा भिंतीला बसेना. वरचं टोक टेकवलं की खालचं उचलायचं, खालचं दाबलं की वरचं. रशीदभाऊने पत्रा सपाट आहे का ते माझ्या टेबलावर ठेवून पाहिलं. सपाट होता. मग तो गालावर हात ठेवून भिंतीकडे बघत बसला आणि शेठ आला तेव्हा म्हणाला, "शेठ, मुबारक हो. भिंत पोटुशी आहे तुमची."

सगळे हसले. मीही हसले. शेठ म्हणाला, "तू बारशाचा नंबर काढ मग."

"हसू नोका. सात अन् आठच्या मधी पोट आलं. पत्रा खोटं बोलत नाई. मागचा मुरूम काढा नाई तर खांब तरी द्या."

"तू पेंटर आहेस का इंजिनीअर?"

"पेंटर हाय. म्हणून तर सांगून राह्यलो."

त्या वर्षी सातला मिशा फुटल्या. शेठने दसऱ्याच्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला बोलून दाखवलं, म्हातारा झाला, हात कापतो म्हणून. रशीदभाऊला भिंतीचं बोललेलं सोसलं, हाताचं बोललेलं सोसलं नाही. पुढच्या वर्षी पोट आणखी वाढलं होतं. तो पुन्हा शेठकडे गेला. शेठ नवा मोबाईल कानाला लावून बसला होता, त्याने मोबाईल काढलासुद्धा नाही. नुसतं म्हणाला, "नंबर काढायचे नसतील तर ब्रह्मपुरीहून दुसरा आणतो." रशीदभाऊ माझ्याकडे येऊन बसला. मी त्याला काय म्हटलं ते सांगते. कोणी विचारलं नाही, तरी सांगते. मी म्हटलं, "तुले काय करायचं भिंतीचं, रशीदभाऊ? तू आपला नंबर काढ नं."

त्याने सातचा पत्रा मांडीवर घेतला आणि म्हणाला, "बत्ता द्या तुमचा."

माझा अद्रक कुटायचा लोखंडी बत्ता त्याने घेतला. सातचा पत्रा बाकाच्या कडेवर ठेवला आणि हळूहळू ठोकून त्याला पोट दिलं. भिंतीला लावून पाहायचा, परत यायचा, पुन्हा दोन ठोके. चार-पाच फेऱ्या झाल्या. शेवटी पत्रा भिंतीच्या पोटावर असा बसला की नख घालायला जागा नाही. सात नंबर असा स्वच्छ आला की काय सांगू. शेठने पाहिला आणि म्हणाला, "पहा, जमते का नाई?" मीही म्हटलं, "छान झाला व बाप्पा."

आता डोकं हाणून घ्यावंसं वाटतं. आकडा वाकडा राहिला असता, मिशावाला राहिला असता, तर निदान दरवर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं असतं की इथेच असं काय झालं. त्याने भिंतीचं पोट आपल्या कसबाने झाकून टाकलं. तो कारागीर होता, त्याला वाईट काम करता येत नव्हतं, हीच त्याची एक चूक. आणि त्या चुकीला बत्ता माझा. पण ही चूक आणि शेठची चूक एकाच तराजूत घालू नका. रशीदभाऊने दोनदा तोंडाने सांगितलं. शेठने दोनदा कानाने ऐकलं.

त्यानंतर दरवर्षी सातच्या पत्र्याला दोन ठोके जास्त पडायचे. मग आठलाही थोडे. यंदा पाऊस नवरात्र बसेपर्यंत पडत होता. त्या दुपारी सहापर्यंत नंबर निघाले आणि त्याने सातचा पत्रा लावला. मी चहा घेऊन तिकडेच चालले होते. तो स्टुलावरून उठला. पत्रा त्याने भिंतीवरून काढला, पुन्हा लावला, मग भिंतीवर तळहात ठेवला. मला म्हणाला, "गिरजाबाई, आज हा..." एवढंच. पुढचं मी वर लिहिलं आहे.

आता पुढचं ऐका, कारण माझा खरा राग इथे आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी रशीदभाऊची मयत निघाली. गॅरेजातले झाडून सगळे कब्रस्तानात गेले. हिंदू गेले, मुसलमान गेले, बाहेरगावचे ड्रायव्हर गेले, हॉटेल बंद करून मी त्याच्या बायकोजवळ, जुबेदाजवळ, बसले होते. आणि त्याच वेळी भिंतीमागे माती उचलायची मशीन चालू होती. शेठने सगळ्या गाड्या हलवल्या आणि मुरूम उचलून नेला. सहा वर्षं ज्याला वेळ नव्हता, ते काम एका दुपारीत झालं. आम्ही परत आलो तर मागे बांधी दिसत होती, सहा वर्षांपूर्वी होती तशी खोल. चार दिवसांनी चौकशीवाले साहेब आले. त्यांनी पाहिलं, भिंतीमागे काही नाही. म्हणजे भिंतीला ढकलणारं काही नव्हतं. म्हणजे पेंटरनेच काहीतरी केलं असणार. शिडी कोणीतरी ढिगाऱ्याजवळ आणून ठेवली होती.

मी सांगायला गेले. साहेबांच्या कारकुनाने विचारलं, "बाई, शिक्षण?" मी म्हटलं, "चौथी." त्याने मी बोलले त्यातलं अर्धं लिहिलं आणि कागद पुढे करून शाईची डबी उघडली. "इथी अंगठा."

"मले सही येते."

"अंगठाच द्या, चालते."

"तुले चालते, मले नाई चालत," मी म्हटलं आणि कागद वाचून दाखव म्हटलं. त्यात मुरुमाचा शब्द नव्हता. मी तो लिहायला लावला. मग पिशवीतून सातचा पत्रा काढून टेबलावर ठेवला. ढिगाऱ्यातून तो मीच शोधला होता. रशीदभाऊ सापडला तिथेच तो निघाला. मी साहेबांना म्हटलं, "हे पाहा. हे भिंतीचं पोट. दरवर्षी एवढं एवढं वाढलं." साहेबांनी पत्रा उचलला, उलटा-सुलटा केला आणि हसले. "भिंत अंगावर पडल्यावर पत्रा वाकणारच ना, आजी."

मी म्हटलं, "भिंतीनं वाकला असता तर चोळामोळा झाला असता. हा ठोकून वाकवला. ठोक्यांच्या खुणा मोजा." त्यांनी मोजल्या नाहीत. ठोके जुळवून दाखवायला मी हॉटेलात बत्ता आणायला गेले. परत आले तोवर जीप निघून गेली होती.

जुबेदाला दवाखान्यात कोणीतरी सांगितलं होतं की तुझ्या नवऱ्यानेच भिंत पाडली, नशीब समज की दुसरं कोणी मेलं नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, उन्होंने किसी का बुरा किया क्या?" जो माणूस दुसऱ्याला ओढून काढताना मेला, त्याच्या बायकोला हे विचारावं लागलं. मी तिला म्हटलं, नाही. पण माझ्या नाहीने काय होतं? दुसरा साक्षीदार एकच होता. सुखराम.

सुखराम मडावी कोरचीकडच्या जंगलातल्या गावचा. पंधरा वर्षं शेठकडे मिस्त्री आहे, शेठनेच दिलेल्या खोलीत राहतो. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. शेठ दवाखान्यात दोनदा सफरचंद घेऊन गेला. सुखरामने साहेबांना सांगितलं, "मी गाडीखाली होतो, मले काई दिसलं नाई." मी ऐकलं तेव्हा मला इतका संताप आला की मी दवाखान्यातच त्याला बोलले, "तू गाडीखाली होता, मंग बाहेर कसा आला रे? उडून आला?" त्याने भिंतीकडे तोंड केलं. नर्सने मला बाहेर काढलं.

महिनाभर तो माझ्या हॉटेलवर फिरकला नाही. दिवाळी गेली. गॅरेजात नवी भिंत उभी राहिली, सिमेंटची, मध्ये खांब असलेली. खांब, जे रशीदभाऊ मागत होता. नंबर ब्रह्मपुरीच्या पेंटरने काढले, ब्रशने, मोठे मोठे, लाल रंगात. ड्रायव्हर आता चहा मागवतात, "सातले एक", आणि मी हॉटेलातूनच म्हणते, "सातले चहा मिळत नाई. इथी येऊन प्या."

सातचा पत्रा मी हॉटेलात खिळ्याला लावला आहे, चहाच्या भांड्यांच्या वर. तो भिंतीला टेकत नाही. वरचं टोक टेकलं की खालचं उचललेलं राहतं, वारा आला की टकटक वाजतो. परवा मी हे लिहीत बसले होते, तर सुखराम आला. हात गळ्यात बांधलेला. बाकावर बसला. चहा मागितला नाही आणि मीही दिला नाही. मग उठला, चांगल्या हाताने पत्रा भिंतीला दाबून पाहिला. तो काही बसला नाही. म्हणाला, "काय लिहून राह्यली, बाई?"

मी म्हटलं, "पेपरले पाठवते. रशीदभाऊचं."

"माझं नाव आहे का त्याच्यात?"

"नाई. तुले काई दिसलं नाई नं."

तो परत बसला. "त्यानं पाय धरले तवा मी त्याले शिवी देल्ली," तो म्हणाला. "मले वाटलं मजाक करून राह्यला." थोड्या वेळाने म्हणाला, "लिही. माझं नाव लिही. खोली जाईन तर जाईन."

"साहेबापुढं सांगशील?"

"सांगन. पहिले तू लिही. लिहिलं म्हणजे मले मागं फिरता येत नाई."

म्हणून सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहिलं, त्याचं नाव घालून. आणि खाली माझी सही आहे, अंगठा नाही. शेठच्या गॅरेजात भिंत पडली तेव्हा तिच्यासमोर तिघं होतो. रशीद पेंटर गेला. आठ नंबरच्या गाडीखाली असलेला सुखराम मडावी वाचला, आणि मी, गिरजाबाई, वाचले.